पुंगळी अडकली म्हणून भोक पाडू नका

ह्या शनिवारी परत एकदा टेस्टिंगमधल्या एका सहकाऱ्याबरोबर गावाबाहेरच्या शूटिंग रेंजवर गेलो होतो. मातीच्या केशरी तबकड्या हवेत उडतात, त्या शॉटगनने फोडायच्या, एवढाच खेळ. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेत, शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे माझं काम म्हणजे कानात बोळे घालून बाकावर बसणं आणि फुकटचे सल्ले देणं. पण ह्यावेळी सल्ल्यावरून चक्क वाद झाला. तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहितोय.

झालं असं, की ह्याच्या चौदा वर्षांच्या मुलीला नेमबाजी आवडायला लागलीय, पण खांदा दुखतो. म्हणून त्याने नेहमीच्या ३२ ग्रॅम छऱ्यांच्या काडतुसांऐवजी २४ ग्रॅमची हलकी आणली. बंदूक तीच, त्याच्या वडिलांची जुनी सेमी-ऑटोमॅटिक. पोरीचा खांदा वाचला, पण दर तिसऱ्या-चौथ्या बाराला रिकामी पुंगळी बाहेर न पडता बोल्टच्या तोंडात अडकून उभी! पोरगी वैतागली. शेजारच्या एका जाणकाराने निदान करून टाकलं: नळीतलं वायूचं भोक ड्रिलने जरा मोठं कर, विषय संपला.

माझ्या मते हा सल्ला तद्दन चुकीचा आहे. आपल्याकडे क्वेरी हळू चालते म्हणून कोणीतरी टाइमआउट वाढवून ठेवतो ना, तसलाच प्रकार. फरक इतकाच, की टाइमआउट परत कमी करता येतो. पाडलेलं भोक बुजवता येत नाही.

ह्या बंदुकीला बाहेरून कुठली मोटर नसते. बोल्ट मागे ढकलणं, पुंगळी फेकणं, स्प्रिंग दाबणं हे सगळं उडालेल्या काडतुसाच्या ताकदीतून भागवायचं. गॅसवाल्या जातीत नळीतल्या छोट्या भोकांतून थोडा वायू बाहेर येतो आणि दट्ट्याला मागे रेटतो. १९६३ सालची रेमिंग्टन ११०० हे त्याचं गाजलेलं उदाहरण. बेनेलीच्या बंदुका जडत्वावर चालतात. धक्क्याने आख्खी बंदूक मागे जाते, बोल्ट जागीच राहू बघतो, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि मग तीच सगळं काम करते. अशा बंदुकीला वजनदार ॲक्सेसरीज लावल्या की ती कमी हलते, आणि हलकं काडतूस असेल तर अडकते.

मला सगळ्यात आवडते ती ब्राउनिंगची ऑटो-५, पेटंट १९०० सालचं. हिच्यात नळीच मागे सरकते. आणि हलक्या-जड काडतुसांचा प्रश्न त्या माणसाने तेव्हाच ओळखून ठेवला होता. मॅगझिनच्या नळकांड्यावर एक पोलादी कडं असतं. जड काडतुसांसाठी ते स्प्रिंगच्या पुढे, पितळी ब्रेकला टेकवून लावायचं. हलक्यांसाठी स्प्रिंगच्या मागे, म्हणजे घर्षण कमी. चक्क कॉन्फिगरेशन फाइल! :) लोक ती न वाचताच बंदुकीला शिव्या घालतात, हे वेगळं सांगायला नको. उलटी चूक आणखी महाग. हलक्याच्या सेटिंगवर जड बार काढत राहिलं की पुढचं लाकूड तडकतं.

असो. तर अडकलेल्या पुंगळीचं डीबगिंग. पहिला प्रश्न, बोल्ट पूर्ण मागे जातोय का? बऱ्याच बंदुकांत शेवटच्या बारानंतर बोल्ट मागेच अडकून राहतो. एकच काडतूस भरून बघायचं. बोल्ट मागे थांबला आणि तरी पुंगळी पडली नाही, तर ताकद पुरेशी आहे, फेकणाऱ्या भागात गडबड आहे. नाही थांबला, तर ताकद कुठेतरी गळतेय किंवा घर्षणात जातेय. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. भोकांतली काजळी, रबरी ओ-रिंग, मॅगझिनच्या नळकांड्यावर तेल आणि काजळीचा झालेला चिखल, आणि दस्त्याच्या आत लपलेली परतीची स्प्रिंग, जी पिढ्यानपिढ्या कोणी उघडलेली नसते. नळी मॅग्नम काडतुसांसाठीची असेल तर ती मुळातच कमी वायू घेते. स्वस्त काडतुसांचं बूड पितळेऐवजी पोलादाचं असतं, ते खडबडीत चेंबरमध्ये चिकटून बसतं. हे सगळं तपासल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही.

भोक मोठं केलं तर हलकी काडतुसं चालतीलही. पण उद्या त्याच बंदुकीत कोणी जड काडतूस घातलं, की बोल्ट दुप्पट जोराने मागे आदळणार. आज ज्याला दुरुस्ती म्हणालो, ती उद्याच्या मालकाच्या गळ्यात.

आणखी एक गोष्ट, जी बाकावरच्या चर्चेत कोणीच बोललं नाही. हलक्या काडतुसाचा आवाज मुळातच मऊ, आणि पुंगळी अडकायची सवय झालेली. अशात एखादा बार खरोखरच फुसका गेला आणि आतली प्लास्टिकची वॅड नळीतच राहिली, तर ते 'नेहमीचंच अडकलं' म्हणून माणूस पुढचा चाप ओढतो. नळी फुटते. त्यामुळे आवाज वेगळा वाटला की थांबायचं, बंदूक रिकामी करायची, नळी काढून आरपार उजेड दिसतोय का बघायचा. चौदा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा हेच शिकवायला हवं, नेम नंतर.

शेवटी ह्याने बंदूक उघडली. ओ-रिंग तडकलेली, आणि दस्त्यातल्या स्प्रिंगवर गंज. दुकानातून नवी रिंग आणली, स्प्रिंग पुसून हलकं तेल दिलं. मग २८ ग्रॅमची पंचवीस काडतुसं एकदाही न अडकता गेली. २४ ग्रॅमची मात्र पंचवीसात दोनदा अडकलीच. जाणकार म्हणाला, बघ, मी सांगत होतो. मुलीने ते न ऐकता २८ चा दुसरा डबा फोडला आणि म्हणाली, एवढा धक्का चालतो मला.