कॉमन म्हणजे नेमकं काय?

वरळीच्या बीडीडी चाळीत 'कॉमन' हा शब्द मराठीच. कॉमन संडास, कॉमन गॅलरी. म्हणजे सामाईक, उर्दूत मुश्तरका. १६० चौरस फुटांच्या खोलीत मात्र ज्याची चूल त्याची. 'कॉमन मॅन'मधला कॉमन वेगळा, तो आम. मग 'कॉमन सिव्हिल कोड'मधला कुठला? दोन्ही नाहीत. राज्यघटनेच्या कलम ४४ मध्ये शब्दच 'युनिफॉर्म' आहे. उर्दू पेपर बरोबर लिहितात, यकसाँ सिव्हिल कोड. मराठीत आपण 'समान' म्हणतो आणि त्यात बरोबरीही ऐकू येते. बरोबरी मलाही हवी. माझ्या लेकीला वारशात, तलाकमध्ये तर हवीच. पण एकसारखेपणाबद्दल शंका काढली की मी बरोबरीच्या विरोधात ठरते. वर्गात कुणी असं भाषांतर केलं असतं, तर मी लाल पेन फिरवलं असतं.