गिऱ्हाईक गेलं, घर मिळालं

गेल्या पावसाळ्यात लालबागच्या एका चाळीत पुनर्विकासाची बैठक होती. बिल्डरची माणसं नकाशे घेऊन आली होती. कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती, यावर पुरुषमंडळी दोन तास बोलली. दाराशी बसलेल्या एका मावशींनी मध्येच विचारलं, "बाविसाव्या मजल्यावर डबे न्यायला पोरं येतील का हो?" सगळे हसले. क्षणभर मीही हसले, हे कबूल करते.

मावशी तीस वर्षं पोळीभाजीचे डबे करतात. त्यांच्या सासूबाईंची खाणावळ होती. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गडी अशाच बायकांच्या हातचं जेवून साच्यावर उभे राहत. या खाणावळवाल्या सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबले तेव्हा कितीतरी घरं बायकांच्या डबे-पापडांवर आणि धुण्याभांड्यांवर तगली. संपाच्या इतिहासात याला जेमतेम दोन ओळी मिळतात.

पुढे 1991 च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: पालिका, म्हाडा आणि मालक. 2001 मध्ये नियम बदलून वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. घरांसाठी दीड लाखांहून अधिक कामगार-वारसांचे अर्ज आले. त्यांतल्या अनेकांना आता शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला जातो.

गिरणगाव बदललं की 'मराठी टक्का घसरला' अशी ओरड होते. मला या ओरडीचा कंटाळा आलाय. बदलापूरला गेलेल्या बाईचं नेमकं काय गेलं, हे त्या टक्क्यात दिसत नाही. तिची चार घरची कामं गेली, भिशी गेली, पोर सांभाळणारी शेजारीण गेली. नवरा मारायला उठला तर गॅलरीत धावून येणाऱ्या बाया गेल्या. जी इथेच टॉवरमध्ये राहिली तिच्या दाराशी वॉचमन गिऱ्हाइकाचं नाव विचारतो, आणि दर महिन्याचा मेंटेनन्स वेगळाच.

त्यात पागडीची पावती बहुधा सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर. करारावर सही त्याची, संक्रमणकाळाच्या भाड्याचा चेक त्याच्या खात्यात. त्याच खोलीत वीस वर्षं राहिलेली विधवा भावजय, टाकलेली बहीण कागदावर नसतेच. माझ्याकडे आलेल्या एका बाईला भावाने सांगितलं, "नव्या घरात तुझी सोय नाही." ती आज कळव्याला भाड्याने राहते. झोपडपट्टी पुनर्वसनात घर पतिपत्नीच्या संयुक्त नावावर करण्याची तरतूद आहे. मग चाळीच्या करारात तसा आग्रह आपण का धरत नाही? आणि एकट्या बाईच्या राहण्याच्या हक्काचं कलम का मागत नाही? आपल्या संघटनाही घराच्या प्रश्नावर बहुतेक वेळा मोर्चाच्या मागच्या रांगेत असतात. चौरस फूट हा पुरुषांचा विषय, असं आपणही कुठेतरी धरून चाललोय.

बैठकीच्या इतिवृत्तात मावशींचा प्रश्न नाही. पुढच्या बैठकीत आम्ही आठजणी तो लेखी देणार आहोत: तळमजल्यावर डबेवाल्या बायकांसाठी एक सामाईक स्वयंपाकघर, आणि प्रत्येक करारावर बाईचं नाव. मावशी म्हणाल्या, "लिहा, पण सही मीच करणार पहिली."