मोजलेच नाही, तर तपासणार काय?

आभासी चलन ही मालमत्ता आहे, असा निर्वाळा मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. प्रकरण वझीरएक्सवर अडकलेल्या ३,५३२ एक्सआरपी नाण्यांचे होते. जुलै २०२४ मध्ये तेथून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली. तक्रारदाराची नाणी त्यांत नव्हती, तरीही खाते गोठवले गेले. या क्षेत्रासाठी स्वतंत्र कायदा नसल्याने मालमत्तेची व्याख्याच न्यायालयाला करावी लागली.

हा कायदा उद्या होईल, तेव्हा तो कोणाच्या सांगण्यावरून घडला, हे नागरिकांना कसे कळणार?

एक्सआरपीशी निगडित रिपल ही कंपनी अमेरिकी आहे. तिच्यावर तेथील रोखे नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये खटला भरला. पुढे रिपल, कॉइनबेस आणि अँड्रीसन हॉरोविट्झ हे फेअरशेक या राजकीय निधीचे प्रमुख देणगीदार ठरले. २०२४ च्या निवडणुकीत फेअरशेक आणि त्याच्या संलग्न निधींनी १३ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. जुलै २०२५ मध्ये स्टेबलकॉइनसंबंधीचा जीनियस कायदा संमत झाला. एका घटनेमागून दुसरी घडली, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये. परंतु तेथे निदान या गृहीतकाची तपासणी शक्य आहे, कारण आकडे उपलब्ध आहेत.

१९९५ च्या लॉबिंग प्रकटीकरण कायद्यानुसार कोणी, कोणत्या विधेयकासाठी, कोणत्या सभागृहाकडे वा खात्याकडे पाठपुरावा केला आणि त्यावर किती खर्च झाला, याची नोंद आता दर तिमाहीस द्यावी लागते. कॉइनबेसचा हा खर्च २०२१ मध्ये सुमारे १५ लाख डॉलर होता; २०२२ मध्ये तो सुमारे ३४ लाखांवर गेला. हे मोजमाप अपुरे आहे. निवडणुकीतील देणग्या वेगळ्या नोंदवहीत जातात, आणि पडद्याआडचा सल्ला अनेकदा कोणत्याच नोंदीत येत नाही. तरीही सदोष उपकरणाची त्रुटी अजमावता येते. उपकरणच नसेल तर तीही सोय उरत नाही.

भारतात अशी नोंदवहीच नाही. वॉलमार्टने भारतीय बाजारपेठेतील प्रवेशासह विविध विषयांवर अमेरिकेत लॉबिंग केल्याचे २०१२ मध्ये आपल्याला कळले, तेही अमेरिकी सिनेटकडे सादर झालेल्या विवरणपत्रांतून! संसदेत गदारोळ झाला, चौकशी समिती नेमली गेली. २०१३ मध्ये लॉबिंगच्या प्रकटीकरणाचे खासगी विधेयक लोकसभेत आले. त्याचा कायदा झाला नाही.

आभासी चलनाच्या बाबतीत हा फरक ठळक दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाला उद्योगसंघटनेने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि ४ मार्च २०२० रोजी ते रद्द झाले. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद निकालपत्रात कोणालाही वाचता येतात. २०२२ च्या अर्थसंकल्पाने ३० टक्के कर आणि १ टक्का उद्गम करकपात लादली. त्याआधी कोण कोणाला भेटले, याचे असे सार्वजनिक दप्तर नाही.

चेन्नईच्या अण्णा नगरातील शिकवणी वर्गांत प्रशासकीय सेवेचे इच्छुक २००५ चा माहिती अधिकार कायदा अभ्यासतात. तो कायदा दप्तरी असलेली माहिती मिळवून देतो. भेटीची नोंदच झाली नसेल, तर तो हतबल ठरतो.

आपली बाजू सरकारपुढे मांडणे हा गुन्हा नव्हे. तो लोकशाहीतील हक्कच आहे. छोट्या संघटनांवर कागदपत्रांचा बोजा पडेल, हा आक्षेपही रास्त आहे. त्यासाठी खर्चाची किमान मर्यादा ठरवता येईल. शोधनिबंधाच्या अखेरीस निधीचा स्रोत आणि हितसंबंध जाहीर केल्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, वाचकाला तो पारखता येतो. कोट्यवधींच्या बचतीवर परिणाम करणाऱ्या कायद्याकडून याहून कमी अपेक्षा का ठेवावी? आभासी चलनाचे विधेयक येण्यापूर्वीच ही नोंदवही अस्तित्वात यायला हवी.