‘संगीत’ हा शब्द का वगळला?

‘फॉरबिडन प्लॅनेट’ (१९५६) हा संपूर्ण इलेक्ट्रॉनिक संगीत असलेला हॉलीवूडचा पहिला चित्रपट, हे चाहते आवर्जून सांगतात. पण त्याच्या श्रेयनामावलीत ‘संगीत’ हा शब्दच नाही, याकडे किती जणांचे लक्ष जाते?

लुई बॅरन सर्किटे रचत. ती अतिभाराने जळेपर्यंत उमटणारे ध्वनी टेपवर टिपले जात. त्या अखंड टेपांमधून नेमके संगीत हेरणारे कान बेबे बॅरन यांचे. वादकसंघटनेशी वाद नको म्हणून श्रेय दिले गेले ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ असे. वादकांची रोजगाराची धास्ती खोटी नव्हती, हे मान्य. तरीही त्या दोन शब्दांनी संगीतकारांना तंत्रज्ञांच्या रांगेत बसवले, हा माझ्या मते उघड अन्याय होता. चित्रपटाला ऑस्करचे एकच नामांकन मिळाले, तेही स्पेशल इफेक्ट्ससाठी.