‘संसार सोडला’ म्हणजे काय ?

आपल्या बोलण्यांत कांहीं शब्द इतके रुळलेले असतात कीं, ते खरे कीं खोटे हें पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं. कोणी मुलगी धर्मभगिनी झाली, कोणी मुलगा व्रतस्थ होण्यासाठीं मठांत गेला, कीं ‘संसार सोडला’ असें म्हणून आपण मोकळे होतों. म्हणणाराच्या मनांत बहुधा एकच चित्र असतें: एकांत, हातांत माळ, मिटलेले डोळे आणि व्यवहाराच्या कटकटींतून कायमची सुटका. गेल्या पावसाळ्यांत, रोवणीच्या दिवसांत, कुडव्याच्याच एका पालकांनीं मला वाटेंत थांबविलें. “गुरुजी, पोरगा म्हणते, मले ब्रदर व्हाचं हाये. एवढा शिकवला, तो का मठात बसवाले ?” त्यांच्या स्वरांत राग नव्हता, भय होतें. त्या प्रश्नाचें उत्तर वाटेंत उभ्याउभ्या देणें मला साधलें नाहीं, म्हणून हा लेख.

प्रथम ‘बसवाले’ या शब्दाविषयीं. कॅथॉलिक व्रतस्थांचें जीवन हें बहुतांशीं एकट्याचें जीवन नसून समुदायाचें जीवन आहे, ही गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षांत येत नाहीं. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन हीं तीन व्रतें सर्वांनीं ऐकलेलीं असतात. परंतु तीं पाळावयाचीं कोठें, तर आपण स्वतः न निवडलेल्या पांच-दहा माणसांच्या घरांत. आईबाप व भावंडें यांची वेडीवांकडी वागणूक रक्ताच्या ओढीनें सोसली जाते. येथें ती ओढहि नाहीं. शेजारच्या खोलींतील वृद्ध रात्रभर खोकतो, एकाला मोठ्यानें बोलण्याची खोड, एकाची भाषा मल्याळी, दुसऱ्याची कोंकणी, तिसऱ्याची मराठी. आणि पहाटे सर्वांनीं एकाच वेळीं प्रार्थनेस उभें राहावयाचें! सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यांनीं इटलींत मठवासीयांसाठीं जी नियमावली लिहिली, तींत प्रार्थनेच्या वेळा तर आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला स्वयंपाकघर, भांडीं, पाहुणे आणि आजारी यांचाहि बारकाईनें विचार केलेला आहे. बंधूंनीं पाळीपाळीनें एकमेकांस वाढावें, आजारपण किंवा तसेंच महत्त्वाचें काम असल्याखेरीज यांतून कोणासहि सूट नसावी, आणि मठाचीं अवजारें वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणें जपावींत, असें तींत सांगितलें आहे. पाटावर बसून ताट येण्याची वाट पाहणाऱ्या आम्हां पुरुषवर्गानें हीं प्रकरणें अवश्य वाचावींत. संसार सुटतो हें खरें नाहीं. लहान घर सुटून मोठें घर गळ्यांत पडतें. आणि ही कल्पना आपल्या मातीस परकी आहे असेंहि नाहीं. तेराव्या शतकांत श्रीचक्रधरांच्या परिवारांत स्त्रिया व पुरुष दोघांनाहि संन्यासाची वाट मोकळी होती, आणि महानुभावांचें ऋद्धिपूर आपल्या विदर्भांतच आहे.

आतां ‘एवढा शिकवला’ याविषयीं. यावर मला वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र आठवतें. त्यांचे वडील पोर्तुगीज शिपाई व आई याच भूमींतील. वसईस येशूसंघाच्या धर्मगुरूंजवळ ते शिकले आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याबरोबर जपानांत गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम आत्मसात् केली व धर्मशिक्षकाचें काम वर्षानुवर्षें केलें. मनांत एकच इच्छा होती, कीं आपणांस संघांत घ्यावें. ती विनंती मान्य झाली नाहीं. तेव्हां त्यांनीं व्यापार धरला, आणि त्यांत त्यांना यशहि आलें. पुढें मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत शिरले. धर्मगुरु म्हणून नव्हे, तर साधे बंधु म्हणून. १५९३ सालीं त्या संघाचे लोक जपानांत गेले, तेव्हां दुभाषी कोण, तर हेच गोन्सालो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रूसावर चढवून मारण्यांत आलें, आणि १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. वसईंत त्यांच्या नांवाचें महाविद्यालयहि आहे.

लोक या कथेचा शेवट सांगतात. मला तिचा मधला भाग अधिक मोलाचा वाटतो. हवें तें दार उघडलें नाहीं, हातीं पैसा आला, आणि तरीहि जें बोलावणें ऐकूं येत होतें तें थांबलें नाहीं. ज्याला आपण ‘पाचारण’ म्हणतों तें स्वप्नांत दिसलेल्या दिव्य तेजासारखें क्वचितच असतें. बहुधा तें असें वर्षानुवर्षें पिच्छा पुरविणारें असतें. आणि शिकलेलें वायां गेलें काय ? जपानी भाषा त्यांनीं पोरवयांत व तरुणपणीं कमावली. तिच्यावांचून ते त्या कामाला उपयोगी पडले नसते. संघांत त्यांचें स्थान सर्वांत साधें होतें, पण राज्यकर्त्यासमोर संघाची बाजू मांडण्याची वेळ आली तेव्हां बोलावें लागलें तें त्यांनाच.

मात्र, पालकांना धीर देतांना दुसऱ्या टोंकाला जाऊं नये. ‘देवाला मूल दिलें’ म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेण्यासाठीं मुलाला पुढें ढकलणारे आईबाप असतात, आणि वर्गांतील हुशार मुलाच्या कानीं सदा तेंच घोळविणारे आम्ही शिक्षकहि असतों. हें मला मुळींच पसंत नाहीं. ख्रिस्तसभेलाहि तें पसंत नाहीं. मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध मठांत घालणाऱ्यांस ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालींच बहिष्काराची शिक्षा सांगितली. १९८३ सालच्या धर्मविधिसंहितेप्रमाणें सतरा वर्षें पूर्ण झाल्याविना उमेदवारींत प्रवेश नाहीं. बळजबरी, भय वा फसवणूक यांमुळें झालेला प्रवेश रद्दबातल ठरतो. उमेदवारी निदान बारा महिन्यांची. त्यानंतरचीं व्रतें तात्पुरतीं, निदान तीन वर्षांचीं. आणि आजन्म व्रतें घ्यावयाचीं तर वयाचीं एकवीस वर्षें पूर्ण झालेलीं असावीं लागतात. आपल्याकडील धानकऱ्याला हें समजावून सांगावें लागत नाहीं. पऱ्हे टाकले कीं दुसऱ्या दिवशीं कोणी रोवणी करीत नाहीं. मूळ धरूं द्यावें लागतें, आणि बांधींत पाणीहि पाहावें लागतें. या मुदतींत घरीं परत आलेल्या मुलाला ‘पळून आला’ म्हणून हिणविणें ही तर शुद्ध दुष्टता आहे. परीक्षा कशासाठीं असते, तर नाहीं म्हणतां यावें यासाठींहि.

राहिलें भय. एकुलता एक मुलगा. उद्यां म्हातारपणीं पाणी कोण देईल, हा प्रश्न पोकळ नाहीं. आज्ञापालनाचें व्रत घेतलेल्याला आसामांत पाठविलें तर आई आजारी पडतांच तो गोंदियाच्या स्टेशनावर उतरेलच असें नाहीं. ज्या संघाच्या मिशनरींनीं १८४६ सालीं भारतांत येऊन पुढें आपल्या नागपूर प्रांतांत काम केलें, त्यांचे आध्यात्मिक पिते संत फ्रान्सिस द सालेस. त्यांनीं १६१० सालीं अॅनसी गांवीं संत जान द शांताल या विधवेसह धर्मभगिनींचा संघ काढला. घर सोडतांना जान यांचा किशोरवयीन मुलगा उंबरठ्यावर आडवा पडला, आणि त्या रडत रडत त्याला ओलांडून गेल्या, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. ही कथा मोठ्या कौतुकानें सांगण्याची रीत आहे. मला ती वाचतांना आजहि त्या मुलाकडेच पाहावेंसें वाटतें. त्यांनीं मुलांची सोय लावली होती, पुढेंहि त्यांची काळजी वाहिली, हें सर्व खरें. पण त्याग करणाऱ्याबरोबर घरच्यांनाहि तो करावा लागतो, आणि त्यांना कोणी विचारलेलें नसतें. जे धर्मगुरु किंवा शिक्षक हें दुःख हंसण्यावारी नेतात ते पालकांचा विश्वास गमावतात, व तो गमावणें योग्यच आहे. मुलाच्या व्रताला संमति देणें किंवा न देणें याआधीं आईबापांनीं त्याच्यासमोर मोकळेपणीं रडावें; लपवूं नये. कशावर पाय ठेवून आपण चाललों आहोंत, हें त्याला कळलें पाहिजे.

दिवाळीनंतर ते गृहस्थ पुन्हां भेटले. मी त्यांना एवढेंच सांगितलें कीं, मुलगा दहावींत आहे, घाई नाहीं. त्याला शिकूं द्या. आणि तोंवर दोन गोष्टी पाहा : घरांत ज्याच्याशीं त्याचें पटत नाहीं त्याच्याशीं तो कसा वागतो, आणि जेवल्यावर आपलें ताट उचलतो कीं नाहीं. ते क्षणभर विचारांत पडले, मग मोठ्यानें हंसले.

“ताट ? गुरुजी, ताट त त्याची मायच उचलते !”