अर्धं तिकीट आहे, एसटी कुठंय?

१७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं. पण गाडीच आली नाही, तर त्या सवलतीचं करायचं काय?

कोरोनानंतर ग्रामीण शाळांचे पाचवीपासूनचे वर्ग ऑक्टोबर २०२१मध्ये उघडले आणि त्याच महिन्यात एसटीचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२पर्यंत चालला. विलीनीकरण मागणाऱ्या कामगारांवर आमचा राग नाही. तोडगा न काढणाऱ्या सरकारवर आहे. मुलींच्या हातात मोफत पास होता, दारात गाडी नव्हती.

कोर्टाचंही तेच. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सांगतो, पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करा. पण असोद्याच्या बाईला जळगावची तारीख गाठायची कशी? नवरा मोटारसायकलवर हजर, रिक्षाला पैसे नसलेली बायको गैरहजर. कागदावर उरतो तेवढाच शेरा. याला न्याय म्हणायचं?

जळगाव जिल्ह्याचे ११ आमदार आहेत. त्यांनी विधानसभेत तारांकित प्रश्न विचारावा: मार्च २०२०पूर्वीच्या किती फेऱ्या परत सुरू झाल्या? कोणत्या गावांच्या नाहीत? का नाहीत?

मैत्रिणींनो, ग्रामसभेत ठराव करा, आमदाराच्या हातात द्या आणि पोच घ्या.