भाडे हवे, घर मात्र नको!

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. आपल्या नात्यागोत्यात ज्यांचे पनवेल-करंजाड्यात 'गुंतवणुकीचे' फ्लॅट आहेत, त्यांनी राग मानू नये. मानायचाच असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून मग मानावा.

आमचे करंजाडे म्हणजे सिडकोने आखलेली वसाहत. साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडांवर एकाला एक खेटून इमारती उभ्या राहिल्या. पनवेल स्टेशन जवळ आणि आता विमानतळही जवळ. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली आणि भाड्याच्या घरांची मागणी आणखीच वाढली. ती वाढावी, लोकांना दोन पैसे मिळावेत, माझे काही म्हणणे नाही. माझे भांडण आहे ते त्या मालकाशी, ज्याला दर महिन्याच्या पाच तारखेला भाडे आठवते आणि उरलेले दिवस घर आठवत नाही.

एक उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, कारण अशी माणसे एक नाहीत, अनेक आहेत. मालक दुसऱ्या शहरात. वन बीएचके घर. हॉलमध्ये प्लायवूडची भिंत घालून दोन खोल्या केल्या. गॅलरी काचा लावून बंद केली आणि तिथे ओटा टाकला. बाथरूमची खिडकी पाऊस आत येतो म्हणून पत्र्याने बुजवली आणि त्याच बाथरूममध्ये गॅसचा गिझर! भाडेकरू बाईंनी तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी उत्तर आले, "पटत नसेल तर दुसरे घर बघा."

या एका वाक्याविरुद्ध मी आज लिहायला बसलो आहे.

चाळीस वर्षे मुलांना गणित शिकवले, तेव्हा आधी गणितच करू. हॉल समजा दहा बाय बाराचा, म्हणजे १२० चौरस फूट. मध्ये भिंत घातली की साठ-साठ फुटांच्या दोन खोल्या, त्यातली एक बिनखिडकीची. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरात दोन राहत्या खोल्या असतील तर एक किमान ९.५ आणि दुसरी किमान ७.५ चौरस मीटर हवी असे सांगितले आहे. म्हणजे साधारण १०२ आणि ८१ चौरस फूट. साठ फुटांची खोली या दोन्ही आकड्यांत बसत नाही. तिला खोली म्हणायचे ते भाडे घेण्यापुरते.

आणि तो गिझर? बंद जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. अंघोळीला गेलेले माणूस बेशुद्ध होऊन पडते आणि घरच्यांना दार फोडावे लागते. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात अशी बातमी असते, आपण ती वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. खिडकी बुजवण्याला मालक 'किरकोळ बदल' म्हणतो. तो किरकोळ नाही.

"पण आमची इमारत नवी आहे हो!" हे पहिले उत्तर. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ माणसे गेली. आपल्याच रायगड जिल्ह्यात. तिचे वय दहा वर्षेही नव्हते. बेलापूरजवळच्या शहाबाज गावातली इमारत २७ जुलै २०२४ ला पडली, तीही साधारण दहाच वर्षांची. तिघे गेले. आणि घाटकोपरची सिद्धी साई इमारत आठवते का? २५ जुलै २०१७, १७ बळी. तळमजल्यावर फेरफाराचे काम चालू होते आणि त्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप तळमजल्याच्या मालकावर झाला. तळमजल्यावर घण पडला तर वर झोपलेल्याचे काय, हा प्रश्न विचारायला वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरे उत्तर, "कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे, मालकाला कोण विचारतो?" कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम १४ नुसार, उलट करार झालेला नसेल तर, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे हे मालकावर बंधन आहे. भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर त्याने ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षभरात ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट अशा गरजेच्या सोयी मालकाने तोडायच्या नाहीत.

आता इथे आमचे हुशार मालक हसतात. "काका, आमचा करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स. तो भाडेकरू नव्हेच, परवानाधारक. कलम १४ आम्हाला सांगू नका." बरे, नाही सांगत. कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. मी साधे विचारतो : परवानाधारकाला शॉक लागत नाही का? परवानाधारकाच्या मुलाला गॅस बाधत नाही का? आणि कलम ५५ तर लिव्ह अँड लायसन्सलाही लागू आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणीच्या खर्चाला कंटाळून साध्या कागदावर सह्या घेणारे किती आहेत, हे आपल्याच घरात विचारून बघा.

तिसरे उत्तर सर्वांत आवडते. "भाडे मिळते किती आणि दुरुस्तीला जाते किती!" वाचकहो, इथे मला खरोखर संताप येतो. घरभाड्याच्या उत्पन्नावर आयकर भरताना मालमत्ता कर वजा करून जे उरते, त्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. एका रुपयाची पावती दाखवावी लागत नाही. वर्षाला पावणेदोन लाख भाडे येत असेल तर पन्नास हजारांच्या आसपास रक्कम करातून सुटते. ती सवलत घराच्या देखभालीला पैसे लागतात म्हणूनच आहे ना? सवलत खिशात घालायची आणि गळक्या नळाला मात्र 'तुमचे तुम्ही बघा' म्हणायचे, याला मराठीत काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

चौथे उत्तर, "भाडेकरूच घराची वाट लावतात." लावतात, काही जण नक्की लावतात. पण मग वाटणी स्पष्ट करा. केंद्राने २०२१ मध्ये जो नमुना भाडे कायदा आणला, त्यात ती छान करून दिली आहे. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, रंगसफेदी, पाण्याचे पाइप, वायरिंग हे मालकाचे. नळाचे वॉशर, तुंबलेले गटार, स्विच-सॉकेट, गिझरची दुरुस्ती, दाराची कुलुपे हे भाडेकरूचे. नमुना कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही हे खरे, पण ही यादी आपल्या करारात उतरवून घ्यायला कोणी बंदी केली आहे?

"बिल्डरनेच असे दिले" म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे. पण ही मागणी करायची घर घेणाऱ्याने! भाडेकरूला तो हक्क नाही. ओल भाडेकरूला दिसते, हक्क मालकाकडे, आणि मालक फोन उचलत नाही. पाच वर्षे अशीच निघून जातात.

नुसते ओरडून उपयोग नाही, म्हणून करायचे काय तेही सांगतो.

घर भाड्याने देण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा समोर ठेवून घर बघा. नकाशात नाही ते काढून टाका. गॅलरी मोकळी करा, पार्टिशन पाडा. राहणाऱ्यांची संख्या करारात लिहा. गॅसचा गिझर बंद बाथरूममध्ये ठेवूच नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घ्या आणि गळती झाल्यास वीज तोडणारे ईएलसीबी बसवा, हजारांत जीव वाचतो. ताबा देताना दोघांनी मिळून फोटो काढावेत. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर, आधी कळवून घर बघायला या. तक्रार लेखी घ्या आणि पंधरा दिवसांच्या आत काहीतरी करा. सोसायटीत इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. त्या सभेला मालकाने हजर राहावे, वर्गणीवरून वाद घालायला नव्हे. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते, ते दिले का हे सोसायटीला विचारा.

आणि नोटीस आलीच तर? आपल्याकडे नोटीस आली की पहिली धाव पुढाऱ्याकडे. तसे करू नका. नोटीस नीट वाचा, आर्किटेक्टला दाखवा. नियमित होण्यासारखे असेल तर अर्ज करा, नसेल तर दिलेल्या मुदतीत काढून टाका आणि तसे लेखी कळवा. नगररचना कायद्याच्या कलम ५२ मध्ये विनापरवाना बांधकामाला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पुढारी पाच वर्षांनी बदलतो, कागद फाइलमध्ये राहतो. आणि नोटिशीचा राग काढायला भाडेकरूला घराबाहेर काढू नका. तक्रार त्याने केली असेलही, भिंत तुम्ही घातली होती.

ज्यांनी भाच्या-पुतण्यांसाठी हे फ्लॅट घेऊन ठेवलेत त्यांना एक सुचवतो. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर आठवडाभर रिकामे असते. तेव्हा एक चटई घेऊन या आणि आपल्याच घरात एक रात्र झोपून बघा. सकाळी त्याच बाथरूममध्ये अंघोळ करा. मग भाडे ठरवा.

असो. कोणाला बोचले असेल तर बोचावे म्हणूनच लिहिले आहे. तुमच्याकडे, पुण्यात, नाशकात, परदेशात काय चालते तेही जरूर कळवा.